वाडी-पाड्यांचे म्हणणे गावाच्या विकास आराखड्यात कसे आणावे

‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली महाराष्ट्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकसहभागातून आपला आराखडा तयार करावा, अशी शासनाची २०१५ पासूनची अपेक्षा आहे. रस्ते आणि गटारे यांच्यापुरते न थांबता आरोग्य, पोषण, शिक्षण, उपजीविका आणि सामाजिक सुरक्षा हे विषयही त्यात यावेत, असे मार्गदर्शक सूचनांत सांगितलेले असते. म्हणजे गावपातळीवर लोककल्याणाचे धोरण प्रत्यक्षात ज्या कागदावर उतरते, तो हाच कागद. व्यवहारात मात्र पुष्कळ ठिकाणी मागच्या वर्षीचा आराखडा समोर ठेवून त्यातले आकडे बदलले जातात, तो ऑनलाइन प्रणालीत भरला जातो आणि लोकसहभागाच्या रकान्यात ग्रामसभेची हजेरी लिहून सोपस्कार पूर्ण होतो. त्या हजेरीत कातकरी वाडीतली बाई, पालावरचे कुटुंब, ऊसतोडीला जाणारे जोडपे किंवा चालता न येणारा म्हातारा अभावानेच सापडतो.

ज्यांच्या हातात ही प्रक्रिया असते, त्या सरपंच, ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी), आराखड्यासाठी नेमलेले प्रभारी अधिकारी, प्रशिक्षण देणारे प्रवीण प्रशिक्षक आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी पुढील मांडणी आहे. यातले बहुतेक काम ग्रामसभेच्या दिवशी करायचे नाही. ते त्याआधी दोन-तीन महिने आणि नंतर वर्षभर करायचे आहे.

आधी पैशाची बाजू समजून घ्यावी

लोकांना बोलावण्यापूर्वी नेमके काय बदलू शकते, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. जे ठरून गेले आहे त्यावर मत विचारणे हा वंचितांचा वेळ वाया घालवण्याचा सर्वांत सभ्य प्रकार आहे, आणि एकदा असा अनुभव आला की ती वस्ती पुढची पाच वर्षे बैठकीला फिरकत नाही.

म्हणून चालू वर्षात ग्रामपंचायतीला किती रक्कम कोणत्या शीर्षाखाली मिळणार, याचा एक साधा तक्ता करावा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव होता आणि ४० टक्के अबंधित होता. आयोगागणिक हे प्रमाण बदलते, त्यामुळे चालू शासन निर्णय हाताशी ठेवावा. याखेरीज ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या गावांना आदिवासी उपयोजनेच्या निधीतला ५ टक्के वाटा थेट मिळतो, आणि तो कशावर खर्चायचा हे तिथल्या ग्रामसभेने ठरवायचे असते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडेही थोडा अबंधित निधी असतो. तो फार नसतो, पण कोणाला विचारून खर्च झाला, हे पाहिले तर गावातली सत्ता कुठे आहे ते लगेच कळते.

दुसरा तक्ता ग्रामपंचायतीच्या हाताबाहेरच्या गोष्टींचा असावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातले रिक्त पद, उपकेंद्रात न राहणारी परिचारिका, अंगणवाडीतल्या आहाराचा दर्जा, एसटीची बंद पडलेली फेरी या गोष्टी लोक हमखास सांगतात, आणि ‘हे आपल्याकडे येत नाही’ असे म्हणून त्या बाजूला सारल्या जातात. त्या बाजूला सारू नयेत. कोणती मागणी ग्रामपंचायत पुरी करील, कोणती पंचायत समितीकडे किंवा जिल्हा परिषदेकडे ठरावाने पाठवावी लागेल आणि कोणती मंत्रालयापर्यंत जाईल, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे. लोकांना नकार समजतो. गोलमाल उत्तर समजत नाही.

कोण येत नाही, याची यादी करावी

ग्रामसभा म्हणजे मतदार यादीतल्या लोकांची सभा. त्यामुळे यादीत नाव नसलेले लोक पहिल्याच पायरीवर गळतात. भटक्या-विमुक्तांची पाले, वीटभट्टीवरचे परगावचे मजूर, सासर सुटलेल्या आणि माहेरीही नाव नसलेल्या एकल स्त्रिया यांची गणना कायद्याने सभासदांत होत नसली, तरी त्यांच्या मुलांचे लसीकरण आणि पाण्याची सोय याच गावात व्हायची असते.

यादी जातीच्या रकान्यांपेक्षा वस्तीनुसार करावी. आशा आणि अंगणवाडी सेविका यांना घरटी माहिती असते; त्यांच्या नोंदवह्या, रास्त भाव दुकानाची यादी आणि मतदार यादी शेजारी ठेवून पाहिल्या, तर एका यादीत असणारी आणि दुसऱ्यात नसणारी घरे आपोआप समोर येतात. त्यानंतर शिवारफेरी काढावी, पण ती मुख्य गावातून सुरू करून वाडीवर संपवण्याऐवजी उलट दिशेने काढावी, कारण शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचेतो ऊन वाढलेले असते आणि प्रभारी अधिकाऱ्याला तालुक्याला परतायचे असते. गावाचा नकाशा रांगोळीने जमिनीवर काढण्याची पद्धत चांगली आहे. तिच्यातला धोका एवढाच, की रांगोळी पहिल्यांदा ज्याच्या हातात जाते त्याचेच घर मध्यभागी येते. वाडीचा नकाशा वाडीतल्या बायांना त्यांच्या अंगणात वेगळा काढू द्यावा आणि नंतर दोन्ही नकाशे शेजारी ठेवावेत. मुख्य गावाच्या नकाशात ज्या विहिरीवर ‘सार्वजनिक’ असे लिहिलेले असते, तिथे वाडीतली माणसे पाणी भरायला जातात की नाही, हे वाडीचा नकाशा सांगतो.

पंचांग पाहून तारीख ठरवावी

लोकसहभागाच्या बहुतेक प्रयत्नांचा घात इथे होतो, म्हणून या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहितो.

आराखड्याची देशव्यापी लोकमोहीम २०१८ पासून साधारणपणे २ ऑक्टोबरला सुरू होऊन वर्षअखेरीपर्यंत चालते. नेमक्या याच काळात बीड, अहिल्यानगर, जालना आणि शेजारच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबे गाव सोडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक वस्तीवर येतात आणि नवरा-बायकोचा एक कोयता कारखान्याच्या फडाकडे निघतो तो मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. रायगड, ठाणे, पालघरमधल्या कातकऱ्यांचेही तेच आहे. पाऊस सरला की वीटभट्ट्या आणि कोळसाभट्ट्या त्यांना बोलावतात. म्हणजे गावाच्या कल्याणाचा आराखडा ज्या तीन महिन्यांत ठरतो, त्या तीन महिन्यांत गावातली सर्वांत गरीब माणसे गावात नसतात. हे कोणी मुद्दाम केलेले नाही; दिल्लीतल्या वेळापत्रकाला कारखान्याचा गळीत हंगाम माहीत नसतो इतकेच.

यावर उपाय अवघड नाही. स्थलांतर करणाऱ्या वस्त्यांमधल्या बैठका पोळा ते घटस्थापना या दरम्यान उरकाव्यात. कुटुंबे किती, त्यांत सहा वर्षांखालील मुले किती, गरोदर स्त्रिया किती, म्हाताऱ्यांपैकी मागे कोण राहणार आणि त्यांचे रेशन कोण आणणार, हे त्याच वेळी लिहून घ्यावे. या बैठकांचे म्हणणे ग्रामपंचायतीच्या मासिक सभेपुढे लेखी ठेवून त्याची पोच घ्यावी, म्हणजे ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ती माणसे नसली तरी त्यांचा कागद असतो. वाडीत मागे राहणाऱ्यांपैकी एक जण आणि शक्य तर एखादी शाळा शिकलेली मुलगी, अशा दोघांना तो कागद सभेत वाचून दाखवण्याची जबाबदारी द्यावी. कुटुंबे परतल्यावर, म्हणजे गुढीपाडव्यानंतर, एक उजळणीची बैठक घ्यावी आणि १ मेच्या ग्रामसभेत राहिलेले विषय पुन्हा मांडावेत.

स्थलांतरितांच्या मागण्याही वेगळ्या असतात. त्यांना गावात सभागृह नको असते. मुलांना मागे ठेवता यावे म्हणून वेळेवर सुरू होणारे हंगामी वसतिगृह, गरोदर बाईच्या हातात निघण्यापूर्वी भरलेले माता-बाल संरक्षण कार्ड, फडावर तात्पुरती का होईना अंगणवाडी आणि रजा घेतली तर कापला जाणारा खाडा, म्हणजे दंड, हे त्यांचे विषय असतात. बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या स्त्रियांच्या वस्त्यांमध्ये त्याआधीची कित्येक वर्षे आराखड्यासाठी कोणी ‘पाळीच्या दिवसांत फडावर काय करता?’ असे विचारले असते, तर तो विषय वर्तमानपत्रांच्या आधी ग्रामसभेत आला असता, असे मला वाटते.

दिवसाची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. सकाळी अकराची सभा म्हणजे मजुरी करणाऱ्या बाईचा दिवस बुडाला. वस्तीतली बैठक दिवेलागणीनंतर ठेवावी. दिवसाच घ्यावी लागली तर बुडालेली मजुरी संस्थेच्या निधीतून भरून द्यावी, आणि ती चहापाण्याच्या खर्चात दडवू नये. सभेची जागा निवडताना तिथे सगळे बसू शकतात का, कोण दाराबाहेर उभे राहते आणि कोणाला खुर्ची मिळत नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. मंदिराचा सभामंडप सर्वांना खुला आहे, हे वाक्य ऐकल्यावर तर जरूर पाहावे.

प्रश्न कसा विचारावा

‘तुमच्या समस्या सांगा’ या प्रश्नाला रस्ता, दिवाबत्ती आणि घरकुल ही तीनच उत्तरे येतात, कारण सरकार हेच देते, हे लोकांना पाठ झालेले असते. आरोग्य आणि पोषणाचे विषय काढायचे असतील, तर घडलेल्या गोष्टीच्या मागे जावे. मागच्या पावसाळ्यात मूल तापाने फणफणले तेव्हा पहिल्यांदा कोणाकडे नेले, गाडी कोणाची होती, पैसे कोणाकडून घेतले, ते अजून फिटले का, असे टप्प्याटप्प्याने विचारले की गावच्या आरोग्यसेवेचा खरा नकाशा मिळतो.

अंगणवाडीतून लहान मुलांसाठी घरी दिल्या जाणाऱ्या आहाराच्या पाकिटांचे उदाहरण घ्या. टीएचआर या नावाने ती सर्वांना माहीत आहेत. वाडीवरचा संवाद साधारण असा चालतो.

‘ताई, बाळाचं पाकीट मिळतं का?’

‘मिळतं की.’

‘दर महिन्याला?’

‘हो, बाई देतात.’

पाहणीचा कागद इथे भरून होतो आणि ‘लाभ मिळतो’ या चौकोनात खूण पडते. पण कार्यकर्ती उठण्याऐवजी चुलीजवळ बसून राहिली आणि तिने ‘मग त्याचं करता काय?’ असे विचारले, तर बाया आधी एकमेकींकडे पाहून हसतात आणि मग एखादी म्हणते, ‘पोरगं तोंडात घेत नाय. शेळीला घालतो.’ त्यापुढचा अर्धा तास चव, वास, शिजवायला लागणारे सरपण आणि ‘त्यापेक्षा अंडं द्या, नाहीतर आम्ही बचत गटात शिजवून घालतो’ इथपर्यंत जातो. धोरण बदलायला लागणारा मजकूर हा असतो. आदिवासी क्षेत्रात २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे ताजे, चौरस जेवण देण्याची आणि पुढे मुलांना अंडी देण्याची सोय झाली. तेव्हा पाकिटाऐवजी ताजे अन्न मागणे म्हणजे काही आकाशातला चंद्र मागणे नव्हे, हेही बायांना सांगावे.

स्त्रियांची बैठक वेगळी घ्यावीच. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. पण ती बचत गटांच्या अध्यक्षांपुरती उरली असेल, तर वाडीवर तिचा उपयोग नाही. भाषेचाही विचार करावा. कोरकू, गोंडी, पावरी किंवा कातकरी बोलणाऱ्या वस्तीत मराठीतून बैठक घेतली तर माना डोलतात, आणि आपण त्या डोलणाऱ्या माना मोजतो. दुभाष्या वस्तीतलाच असावा, शक्यतो शिक्षक किंवा कंत्राटदाराचा माणूस नसावा.

बोलणाऱ्याचे रक्षण

राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचे उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झाली. राज्यपातळीवर तिचा समन्वय पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होता. गावकऱ्यांनीच सेवांना हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत गुण द्यायचे, ते प्रगतिपत्रक लावायचे आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उदाहरणे मांडायची, अशी ती पद्धत होती. अक्षरओळख नसणाऱ्यालाही लाल रंग वाचता येतो, हे तिचे बळ होते.

त्या पद्धतीतून आजही दोन गोष्टी उचलाव्यात. एक म्हणजे, सुनवाईला निर्णय घेऊ शकणारा अधिकारी हजर असल्याशिवाय ती भरवू नये, आणि त्याने दिलेले उत्तर तारखेसह जागच्या जागी लिहून वाचून दाखवावे. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. तक्रारीचा रोख बहुधा सर्वांत जवळच्या, म्हणजे आशा किंवा अंगणवाडी सेविकेवर जातो, आणि औषधाचा पुरवठाच न करणारी वरची साखळी नामानिराळी राहते. प्रश्न विचारताना ‘औषध दिले नाही’ एवढ्यावर न थांबता ‘औषध इथपर्यंत पोहोचले होते का’ हेही विचारावे.

ज्या बाईने रेशन दुकानदाराविरुद्ध तोंड उघडले, तिला दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात पिशवी घेऊन जायचे असते. म्हणून तक्रार एकटीच्या नावाने नोंदवू नये. ती वस्तीची म्हणून नोंदवावी. फोटो आणि व्हिडिओ विचारल्याशिवाय काढू नयेत, काढलेच तर गावच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नयेत, आणि पुढच्या आठवड्यात कोणीतरी त्या घरी सहज म्हणून जाऊन यावे.

मागणीचा ठराव करावा

वाडीतली चर्चा कितीही चांगली झाली तरी ती ठरावाच्या भाषेत उतरली नाही, तर आराखड्यात येत नाही. ‘मागासवर्गीय वस्तीत सोयीसुविधा पुरवणे’ या ओळीतून काहीही होऊ शकते, म्हणजे बहुधा पेव्हर ब्लॉक होतात. ठरावात कोणत्या वस्तीसाठी, किती घरांसाठी, कोणते काम किंवा सेवा, कोणत्या निधीतून आणि कोणत्या महिन्यापर्यंत, एवढे लिहिलेले असावे. सूचक आणि अनुमोदक यांपैकी किमान एक जण त्या वस्तीतला असावा आणि ठराव सभा संपण्यापूर्वी मोठ्याने वाचला जावा. इतिवृत्त नंतर ‘सवडीने’ लिहिण्याची प्रथा आहे. बरेचसे विषय त्याच सवडीत हरवतात.

गणपूर्तीकडेही लक्ष असावे. सर्वसाधारण ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला बिगर-पेसा गावांत गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे पहिल्या सभेला वाडीवरून माणसे आणायची, ती तहकूब व्हायची आणि दुसऱ्या सभेत मोजक्यांनी सगळे मंजूर करायचे, असा प्रकार घडू शकतो. तहकूब सभेची तारीख वाडीतही दवंडीने पोहोचली का, याची खात्री करावी.

पेसा क्षेत्रात याहून मोठी वाट मोकळी आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार एखाद्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित होता येते. पाड्यातले मतदार तसा ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवतात. मोठ्या महसुली गावाच्या सभेत वर्षानुवर्षे मागच्या रांगेत बसण्यापेक्षा आपली ग्रामसभा आपल्या पाड्यात भरवणे केव्हाही बरे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने हे फार आधी दाखवून दिले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सर्वांना ठाऊक असते, पण तिच्यामागे गावाचे नेते देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी चालवलेले अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत होती. बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने ठरवायचे म्हटले, की सर्वांत कमी बोलणाऱ्याची मान्यताही लागते, आणि त्यासाठी आधी त्याच्यापाशी जाऊन बसावे लागते.

शहरात ग्रामसभा नाही, म्हणून तिथे संघटनेचे महत्त्व अधिक. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली, महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवली, आपण शहराचा किती कचरा वाचवतो याचा हिशेब मांडून आरोग्य विम्याची मागणी मान्य करून घेतली, आणि पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी केली. अशा संघटनेला धोरणाच्या बैठकीला बोलावणे आणि वस्तीतल्या कोणा एकाला ‘प्रतिनिधी’ म्हणून उचलून आणणे यांत फरक आहे. त्या एकट्याला मागे वळून कोणाला विचारायचे असते, हे कोणी पाहत नाही.

उत्तर घेऊन परत जावे

आराखडा मंजूर झाल्यावर महिन्याच्या आत प्रत्येक वस्तीवर परत जावे. सोबत तीन याद्या असाव्यात. मान्य झालेल्या मागण्यांपुढे रक्कम, पुढे पाठवलेल्यांपुढे जावक क्रमांक आणि नाकारलेल्यांपुढे कारण लिहावे. नाकारल्याचे कारण सांगायला माणसे कचरतात, पण वस्तीचा विश्वास त्याच यादीवर ठरतो. याद्या अंगणवाडीच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवाव्यात. कार्यालयातल्या फळ्यावर लावल्या तर त्या ज्यांनी वाचायच्या, ते तिथे येत नाहीत.

वर्षभरात मासिक सभेत दर तीन महिन्यांनी या याद्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात. वरच्या कार्यालयाकडे पाठवलेल्या ठरावाचे उत्तर आले नाही, तर स्मरणपत्र आणि गरज पडल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. स्वनिधीतल्या १०, १५ आणि ५ टक्क्यांचा खर्च मार्चअखेर त्याच त्या वस्तूंच्या वाटपात उडतो, म्हणून डिसेंबरमध्येच वस्तीवर विचारून तो ठरवून टाकावा. पुढच्या पोळ्याला वाडीवर बैठक बसेल तेव्हा नव्या मागण्या लिहायला घेण्यापूर्वी मागची भिंत वाचावी, आणि ज्या कामापुढे रक्कम लिहिलेली आहे पण काम दिसत नाही, त्याचे उत्तर द्यायला ग्रामसेवक आणि सरपंच या दोघांनाही तिथे बसवावे.